रद्द प्रतींमधली वही

त्या शुक्रवारी दुपारी एका छोट्या खोलीत आम्ही सात जण बायबलमधली एकच ओळ वाचत होतो आणि ऐकू मात्र पाच निरनिराळी वाक्यं येत होती. माझा गोंधळ तिथे सुरू झाला. पुढचं सांगण्याआधी एवढं कबूल करतो, की जे घडलं त्यातल्या सगळ्याचा उलगडा मला आजही झालेला नाही. जसं झालं तसं क्रमाने लिहितो आहे.

सौदी अरेबियात राबिघजवळ, तांबड्या समुद्राच्या काठी, तेव्हा रिफायनरीचं काम चालू होतं. तेलाचे दिवस होते. सगळा देशच एकदम बांधायला काढल्यासारखा झाला होता आणि आमच्यासारखे हजारो लोक त्या कामावर होते. मी अहमदनगर जिल्ह्यातला, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. वय सेहेचाळीस. माझं काम नकाशांची नोंद ठेवण्याचं. एकाच पाइपलाइनचा नकाशा बांधकाम पुरं होईपर्यंत सहा-सात वेळा बदलतो. नवी आवृत्ती आली की जुनी प्रत फोरमनकडून परत घ्यायची, तिच्यावर 'रद्द'चा शिक्का मारायचा, रजिस्टरमध्ये खूण करायची आणि गुरुवारी सगळा ढीग जाळायला पाठवायचा. जुनी प्रत हातात आल्याशिवाय नवी द्यायची नाही, हा नियम. कारण उघड आहे. एखाद्या फिटरच्या खिशात जुना नकाशा राहिला, तर तो भलत्याच जागी जोड करून मोकळा होतो. या बाबतीत मी कुणाचीही गय करत नसे. कॅम्पमध्ये मला नावाने फारसं कुणी ओळखतच नव्हतं. सगळे मला 'रजिस्टर' म्हणत.

उघड उपासनेला तिथे मुभा नव्हती. म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाली की आम्ही कुरियनच्या खोलीत पत्ते खेळायला जमल्यासारखे जमत असू. कुरियन केरळचा इलेक्ट्रिशियन. त्याच्याशिवाय दोन फिलिपिनो वेल्डर, गोव्याचा एक आचारी, श्रीलंकेचा एक क्रेन ऑपरेटर, मी आणि शांतवनमामा. सात जणांत मिळून समजणारी भाषा एकच, मोडकं इंग्रजी, त्यामुळे वाचनही इंग्रजीतच. कुणाकडे जुन्या वळणाचं बायबल, कुणाकडे नव्या भाषांतराचं, कुणाकडे नुसतीच झेरॉक्स केलेली पानं. छापील पुस्तक विमानतळावर काढून घेतील या भीतीने माझं मराठी बायबल मी घरीच ठेवून आलो होतो.

शांतवनमामा पाइप फिटर होते, आमच्याच नगर भागातले, अठ्ठावन्नच्या पुढचे, बायको वारलेली. इंग्रजी अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्याकडे शाळेची असते तशी एक दोनशे पानी वही होती. तिच्यात इंग्रजी स्तोत्रं देवनागरी अक्षरांत लिहिलेली होती. पाळी आली की मामा चष्मा लावून ती वही वर धरत आणि कीर्तनाच्या चालीवर वाचत.

"मामा, ये कौन से जमाने का इंग्लिश है?" कुरियन दर वेळी हसून विचारायचा.

"साहेबाच्या आज्याच्या टायमाचं," मामा म्हणायचे. "तुझं कालचं हाय, म्हनून कुनाला पाठ नाय."

माझा गोंधळ चेष्टेतला नव्हता. त्या शुक्रवारी एका वेल्डरच्या नव्या बायबलमध्ये पानाच्या तळाशी मला एक टीप दिसली. वरचं वाक्य सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही, अशा अर्थाची. ते वाक्य माझ्या वडिलांचं होतं. म्हणजे शेवटच्या आजारात, बोलणं जवळजवळ बंद झालेलं असताना, ते तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत. मी पलंगाशी बसून ते ऐकलं होतं. आता जुन्या प्रतीत ते वाक्यच नसेल, तर माझे वडील कशाच्या आधाराने गेले? आठवडाभर मी हाच विचार करत होतो. प्रार्थनेला बसलो की मनात यायचं, मी बोलतो आहे ते शब्द तरी खरे आहेत का. मग उठून दुसरं काही काम काढायचो.

मला अशा वेळी एकच गोष्ट सुचते. मी आडवा कागद घेतला, पाच रकाने आखले आणि पाचही बायबलांतली वाक्यं शेजारी शेजारी उतरवली. चाळीस ओळी झाल्या. तो कागद घेऊन मी एव्हन्ससाहेबांकडे गेलो. ते वेल्शमन, पाइपिंगचे इन्स्पेक्टर. त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये उपदेश करायचे आणि साहेबांचं या विषयावरचं वाचन पुष्कळ होतं. त्यांनी कागद वाचला, खुर्ची मागे झुकवली आणि म्हणाले, "मोठी गोष्ट आहे ही. चहा मागव."

"साहेब, दहा मिनिटं आहेत," मी म्हणालो. "गोष्ट नको. फक्त क्रम सांगा. कुठलं आधी, कुठलं नंतर."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि मी मागितलं तेवढंच दिलं. आधी लॅटिनवरून हाताने लिहिलेलं इंग्रजी भाषांतर. मग शे-दीडशे वर्षांनी मूळ ग्रीक आणि हिब्रूवरून केलेलं, छापलेलं. त्यावरून राजाच्या हुकुमाने प्रत्येक चर्चमध्ये ठेवलेलं. मग दुसऱ्या एका राजाने विद्वानांचे सहा गट बसवून सुधारून घेतलेलं, जे तीनशे वर्षं चाललं. आणि मग आणखी जुनी हस्तलिखितं सापडत गेली तशी आपल्या काळातली नवी भाषांतरं. मी पाच ओळी लिहून घेतल्या.

"आणि मूळ प्रत?" मी विचारलं. "या सगळ्यांच्या आधीची, स्वतः लिहिणाऱ्याच्या हातची. ती कुठे ठेवली आहे?"

"कुठेच नाही," ते म्हणाले. "आहेत त्या प्रतींच्या प्रती."

मी सुन्न झालो. ज्या नकाशाची मूळ प्रतच कुणाकडे नाही, त्यावर बांधकाम कसं करायचं? पण रात्री त्या पाच ओळींकडे बघताना मला हायसं वाटलं. हा तर माझ्या रोजच्या कामासारखाच मामला होता. आवृत्ती एक, दोन, तीन, चार, पाच. जी सर्वांत नवी तीच चालू, बाकीच्या रद्द. इतकं सोपं उत्तर समोर असताना मी उगाच झोप घालवत होतो.

पुढच्या शुक्रवारी मी सगळ्यांना माझी योजना सांगितली. नव्या भाषांतरातला एक एक उतारा मी जेवणाच्या सुट्टीत टाइप करीन, सात प्रती काढीन, प्रत्येकीवर नंबर असेल. सगळे एकच वाचतील. आणि जुने सुटे कागद सगळ्यांनी माझ्याकडे जमा करायचे. छापील पुस्तकांना मी हात लावला नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती.

"रजिस्टर साब, भगवान का भी ट्रान्समिटल बनाओगे?" कुरियन म्हणाला. ट्रान्समिटल म्हणजे नकाशांसोबत जाणारी नोंदीची चिठ्ठी. सगळे हसले, पण कागद दिले. कुणाला वाद घालायचा नव्हता.

मामांनी वही दोन्ही हातांनी पुढे केली. "घे बाबा. तू शिकलेला हायेस. काय चुकलंमाकलं असंल तर तपासून ठेव."

मी वही चाळली. तिच्यातलं इंग्रजी माझ्या पाच रकान्यांपैकी एकाशीही धड जुळत नव्हतं. मध्येच शब्द गळलेले, मध्येच दोन ओळींची एक झालेली. गुरुवारी मी तिच्या पुठ्ठ्यावर 'रद्द'चा शिक्का मारला, बाकीच्या कागदांबरोबर पोत्यात घातली आणि पोतं जाळण्याच्या गाडीवर चढवलं. हे मी नजरचुकीने केलं असं म्हणता येणार नाही. वहीची नोंद रजिस्टरमध्ये नव्हती, पण माझ्या खासगी डायरीत जमा कागदांची यादी होती, तिच्यात वहीच्या ओळीपुढे मी बरोबरची खूण केली.

शुक्रवारी सात नंबरवाल्या प्रती वाटल्या. वाचन पहिल्यांदाच एका सुरात झालं. मामांना इंग्रजी अक्षर येत नाही हे मला ठाऊक होतं. त्यांच्यासाठी पुढच्या आठवड्यात देवनागरीत लिहून द्यायचं मी ठरवलं होतं. ते तो कागद हातात धरून बसून राहिले.

"कसं वाटलं, मामा?"

"चांगलंय की," ते म्हणाले. "कागद गुळगुळीत हाय."

शनिवारी सकाळी एव्हन्ससाहेब आपला नकाशा बदलून घ्यायला आले. मी मोठ्या समाधानाने त्यांना सांगितलं, तुमच्या पाच ओळींचा उपयोग झाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जुने कागद कुठे आहेत?"

"जाळायला गेले."

ते खुर्चीत बसले. "त्या दिवशी तू मला गोष्ट सांगू दिली नाहीस," ते म्हणाले. "आता ऐक."

मग त्यांनी त्याच पाच ओळी पुन्हा सांगितल्या, पण माणसांसकट. ज्या धर्मगुरूमुळे पहिलं भाषांतर झालं, तो अंथरुणात शांतपणे मेला. पण पुष्कळ वर्षांनी त्याची हाडं उकरून जाळली आणि राख ओढ्यात टाकली. दुसऱ्याला देश सोडून पळावं लागलं. त्याने परदेशात छापलेली पुस्तकं कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून इंग्लंडात यायची आणि तिथले बिशप ती जमा करून चौकात पेटवायचे. शेवटी एका ओळखीच्या माणसाने दगा दिला, तो पकडला गेला, आणि त्याला गळा आवळून मग जाळलं. त्यानंतर काही थोड्या वर्षांतच राजाने चर्चाचर्चांत इंग्रजी बायबल ठेवायला लावलं. त्यातली कितीतरी वाक्यं त्या जाळलेल्या माणसाची होती. पुढे विद्वानांचे सहा गट बसले, त्यांनीही त्याचीच वाक्यं पुष्कळ ठेवली.

"बिशप लोक वाईट होते असं नाही," साहेब म्हणाले. "त्यांनाही वाटायचं की चुकीची प्रत लोकांच्या हाती राहू नये. अगदी तुझ्यासारखंच."

ते गेले. मला त्यांचा राग आला. एका फिटरच्या वहीची आणि या जुन्या राजेरजवाड्यांच्या गोष्टीची बरोबरी करणं मला अतिशयोक्तीचं वाटलं. पण हातातलं काम सरकेना. मूळ प्रत नाही, नवी बरोबर म्हणावी तर जुनीसाठी माणसं मेली, जुनी बरोबर म्हणावी तर तिच्यातही चुका. मी दोनदा चुकीच्या नकाशावर शिक्का मारला. असं माझ्या हातून कधी होत नाही.

त्याच दुपारी पाइपांच्या लोखंडी सांगाड्यावर काम करताना शांतवनमामा छाती धरून खाली बसले. साइटच्या गाडीतून त्यांना जेद्दाच्या इस्पितळात नेलं. मराठी बोलणारा कुणीतरी बरोबर हवा म्हणून मला पाठवलं. हृदयविकाराचा झटका होता. इजिप्शियन डॉक्टर म्हणाले, पुढचे तीन-चार दिवस महत्त्वाचे, काही सांगता येत नाही. रविवारी मामांना थोडं बोलता यायला लागलं. त्यांनी मला खाली वाकायला सांगितलं.

"तेवढी माझी वही आन रं. तपासून झाली नसंल तरी चालंल."

मी त्यांची चादर सारखी केली.

"सोनाबाईच्या, माझ्या बायकूच्या हातची हाय ती," मामा म्हणाले. "मिशनच्या दवाखान्यात आया व्हती. गोरी मेट्रन रोज संध्याकाळी वार्डात इंग्रजीत स्तोत्र म्हनायची. हिला एक शब्द कळायचा नाय. ऐकायची आन् घरी यून लिवायची. वर्सभर लिवलं. मला अर्थ मराठीत ठाव हाय. पर पान डोळ्याम्होरं असलं की ती जवळ बसल्यावानी वाटतं. फोटू बी नाय तिचा माझ्याकडं."

मी आणतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? पोतं जाऊन तीन दिवस झाले होते.

सोमवारी सकाळी शेअर टॅक्सीने राबिघला परत येताना सगळा वेळ मी प्रार्थना करायचा प्रयत्न करत होतो. जमलं नाही. काय मागायचं तेच कळत नव्हतं. जळलेली वस्तू परत दे, असं कुणी कसं मागतं? मला गणित आवडतं, आणि हे गणित सुटण्यासारखं नव्हतं. शेवटी मी नुसता खिडकीबाहेर बघत बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न ठरवता गाडीतून उतरलो. ऑफिसकडे न जाता सरळ चालत कचरा जाळण्याच्या खड्ड्याकडे गेलो. राख तरी बघावी, मामांना खोटं सांगू नये, एवढंच मनात होतं.

खड्डा कॅम्पच्या मागे वाळूत होता. त्याचं काम बघणारा म्हातारा येमेनी माणूस पत्र्याच्या सावलीत बसला होता. इतकी वर्षं मी पोती पाठवत होतो आणि त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. माझं अरबी बाजारापुरतं. मी हातांनी वहीचा आकार दाखवला, पानं उलटल्यासारखं केलं, शिक्का मारल्यासारखं केलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि आतून लाकडाची एक पेटी घेऊन आला.

पेटीत नीट रचलेले कागद होते. अरबीत लिहिलेली पत्रं, पाकिटं, वर्तमानपत्राचे तुकडे. अल्लाचं नाव असलेला कागद आगीत किंवा पायाखाली जाऊ नये म्हणून तिथली भाविक माणसं असे कागद वेगळे काढून ठेवतात हे मी ऐकून होतो. पेटी भरली की तो ते सगळं लांब स्वच्छ वाळूत पुरून येत असे, हे त्याने मला हातवारे करून सांगितलं. त्या सगळ्याच्या वर मामांची वही होती. पुठ्ठ्यावर माझा शिक्का.

मी तिच्याकडे बोट दाखवलं. त्याने ती उचलली, पण दिली नाही. आतलं एक पान उघडून सोनाबाईच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "यद. यद." म्हणजे हात. हाताने लिहिलेलं आहे. पोत्यातला बाकीचा सगळा माल यंत्राने छापलेला, हे तेवढं कुणीतरी हाताने, ओळी आखून, मन लावून लिहिलेलं. लिपी त्याला कळली नव्हती, म्हणून त्याने जोखीम घेतली नव्हती. मग त्याने माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "फी इस्म अल्ला?" यात देवाचं नाव आहे का?

मी घाबरलो, हे लपवत नाही. खरं बोललो तर हा माणूस आणखी काय विचारील, कुणाला सांगेल, कुरियनच्या खोलीतल्या सहा जणांचं काय होईल, सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. आणि दुसरीकडे, हे कुठलं भाषांतर, कुठली आवृत्ती, यातलं कुठलं वाक्य खरं, ज्याचं उत्तर मला इतके दिवस सापडलं नव्हतं, ते त्याने विचारलंच नव्हतं. त्याने विचारलं त्याचं उत्तर मला माहीत होतं.

"अय्वा," मी म्हणालो. "आहे."

त्याने वही कपाळाला लावली, बाहीने तिच्यावरची धूळ पुसली आणि माझ्या हातात दिली. "हराम, या सदीक," एवढंच म्हणाला. असं करू नये, मित्रा. त्याच्या आवाजात राग नव्हता. मला आभाराचं 'शुक्रन' म्हणायचंही भान राहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत मी जेद्दाला पोचलो. वही मामांच्या हातात देण्याआधी मी त्यांना सगळं सांगून टाकलं. शिक्का, पोतं, खड्डा, सगळं. मामांनी पुठ्ठ्यावरच्या शिक्क्यावर अंगठा फिरवला.

"जाळायला दिली व्हतीस?"

"हो, मामा."

त्यांनी वही उलटी करून मागचा पुठ्ठाही बघितला. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी कधी बोलणार नाही.

"सोनाबाईचं अक्षर व्हतंच वंगाळ," ते शेवटी म्हणाले. "शाळंत बाईनं दोनदा वही भायेर फेकली व्हती. तिसऱ्यांदा तू." मग जरा थांबून म्हणाले, "पर आता फुडं कुनाची जाळू नगंस."

चष्मा लावून ते हळू आवाजात वाचू लागले. त्यांना धाप लागत होती म्हणून चाल नव्हती, नुसते शब्द होते. गळलेले, जोडलेले, इंग्रजी न कळणाऱ्या एका बाईने वॉर्डाच्या दारात उभं राहून ऐकलेले. माझ्या एकाही रकान्यात न बसणारे. मी मनातल्या मनात जुळवून बघायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला ते आपोआप सुटलं. माझे वडील कशाच्या आधाराने गेले याचं उत्तर मला मिळालं असं नाही. पण त्या पलंगाशी बसल्यावर मला तो प्रश्न वडिलांच्या वतीने विचारावासा वाटेना. त्यांनी तो विचारला नव्हता.

मामा बरे झाले. वहीमुळे झाले असं मी म्हणत नाही, औषधं चालू होतीच. तीन आठवड्यांनी कंपनीने त्यांना मायदेशी पाठवलं. वही त्यांनी शर्टाच्या आत ठेवून नेली. शुक्रवारी आम्ही सहा जण पुन्हा आपापलं वाचू लागलो, पाच वाक्यं पुन्हा ऐकू येऊ लागली, आणि नंबरवाल्या प्रती काढणं मी सोडून दिलं. अजूनही कधी कधी गोंधळतो. फरक एवढाच, की गोंधळलेला असतानाही आता प्रार्थनेला बसतो. सगळं समजून घेऊन मगच देवाच्या हाती द्यावं असं मला वाटायचं. न समजलेलंही देता येतं, हे मला त्या खड्ड्याजवळ कळलं.

वही मिळाली त्यानंतर दोनच दिवसांनी मी साखर, चहा आणि खजूर घेऊन खड्ड्यावरच्या त्या म्हाताऱ्याला भेटायला गेलो होतो. तिथे दुसरा माणूस होता. आधीचा गावी गेला, येमेनला, परत येणार नाही, असं त्याने सांगितलं. नाव विचारलं तर तोही नवीनच, त्याला माहीत नव्हतं. ठेकेदाराच्या यादीत बघितलं, तिथे नुसता मजुरांचा आकडा होता. तेव्हापासून रोजच्या प्रार्थनेत मी कुटुंबातल्या, गावातल्या सगळ्यांची नावं घेतो, मग त्याच्यासाठी मागतो, आणि नावाच्या जागी थोडा थांबतो. देवाला ते नाव माहीत आहे.